पाऊण इंचाची चोरी

"हात सरळ. खांदा पाडू नकोस. श्वास घे, पण फुगू नकोस."

शिंप्याने आपल्या मुलीला दुकानाच्या मधोमध, आरशासमोर उभं केलं होतं. तिचा डावा हात आडवा पसरलेला होता आणि मानेपासून तळहातापर्यंत टेप लागली होती. पोस्टातला कारकून एका बाहीचा कोट घालून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. त्याची दुसरी बाही टेबलावर पडली होती. अर्धा तास झाला तरी तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

"बाबा, मी काय म्हणते..."

"माप घेताना बोलायचं नाही. बोललं की मान हलते."

मुलीने मान सरळ केली. तिला सगळे बारकी म्हणत. कधीतरी ती बारकी होती. आता साडेअकरा वर्षांची झाली होती, आईच्या कानापर्यंत पोचली होती आणि तिच्या फ्रॉकची घडी वर्षातून दोनदा उसवावी लागत होती. पण एकदा घरच्यांनी ठरवलं की माणूस बारका, तो मरेपर्यंत बारकाच राहतो.

प्रकरण साधं होतं. शाळेच्या संगीतवर्गात बारकी दोन वर्षं व्हायोलिन शिकत होती, तेही शाळेने उसनं दिलेल्या व्हायोलिनवर. ते आता तिच्याहून लहान पोराला गेलं होतं. त्याच वेळी मुलांच्या वाद्यवृंदात एक खुर्ची रिकामी झाली. तिच्यासाठी परीक्षा दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी. अट एकच, वाद्य स्वतःचं हवं. आणि बारा वर्षं पूर्ण झाल्यावर नवीन पोरांना घेत नाहीत. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो बदलायचा कुणी हेही कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे बारकीला ही पहिली संधी आणि हीच शेवटची.

संगीताच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली होती. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा आकारांत मिळतं, मुलाच्या हाताला बसेल तेच घ्यावं लागतं, असं त्यांनी समजावून लिहिलं होतं. माप कसं घ्यायचं तेही लिहिलं होतं. शेवटी होतं, "माझ्या अंदाजाने पाऊण लागेल. तरी एखाद्या जाणकाराकडून नीट माप घेऊन दुकानदाराला कळवावे."

शिंप्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा तो 'जाणकाराकडून' या शब्दावर अडकला.

"जाणकार म्हणे! तीस वर्षं मी काय गवत कापतोय? आणि अंदाज! अंदाजाने कपडे शिवले असते ना, तर अर्धं गाव उघडं फिरलं असतं."

त्याने टेपेवर अंगठा रोवला. "साडेवीस."

पुन्हा मोजलं. साडेवीस. बायकोला आतून बोलावलं, तिच्यासमोर मोजलं. साडेवीस. कारकुनालाही उठवून आकडा दाखवला. कारकून म्हणाला, "साडेवीसच की. आता माझी बाही..."

"थांबा हो. कोटाला काय घाई, थंडीला अजून वेळ आहे."

वाद्यांचं दुकान शहरात होतं, तीन तासांच्या वाटेवर. शिंप्याने फोन लावला आणि ज्या आवाजात तो कापड फाडायचा त्याच आवाजात म्हणाला, "साडेवीस इंच. तीन वेळा मोजलंय. माझा धंदाच मापाचा आहे."

"मग प्रश्नच मिटला, काका," दुकानदार म्हणाला. "साडेवीस म्हणजे अर्धं. परवा पार्सल टाकतो."

"बाबा," बारकी म्हणाली, "अर्धं मला लहान होईल. शाळेचं अर्धंच होतं. माझी बोटं..."

"टेप काय सांगते?"

"साडेवीस. पण..."

"मग झालं."

हात बारकीचा होता. तिच्या हाताबद्दल बाईंना विचारलं, टेपेला विचारलं, दुकानदाराला विचारलं, पोस्टातल्या कारकुनालासुद्धा विचारलं. फक्त तिला विचारलं नाही. मोठ्या माणसांचा हा जुना माज आहे आणि त्याला ते काळजी म्हणतात.

व्हायोलिन चौथ्या दिवशी आलं. लाल मखमलीच्या पेटीत, नवीन वार्निशचा वास येणारं. घरातले सगळे हात पुसून जमले. बारकीने ते उचललं, हनुवटीखाली धरलं, आणि तिच्या आईला हसू आवरेना. पोरीचं कोपर असं दुमडलं होतं की ती खाजवतेय की वाजवतेय ते कळत नव्हतं. तिने एक साधी चाल वाजवायला घेतली. तारेवर दोन बोटांना जेमतेम जागा, तिसरं बोट दुसऱ्याच्या डोक्यावर बसलं.

"लहान आहे हे," आई म्हणाली.

"लहान कसं असेल? माप माझं आहे."

"अहो, दिसतंय ना डोळ्यांना!"

"डोळ्यांना काय, काहीही दिसतं." शिंप्याने गळ्यातली टेप काढली. पेटीत एक छापील कागद होता. व्हायोलिनच्या पाठीची लांबी साडेबारा इंच, असं त्यावर लिहिलेलं होतं. त्याने व्हायोलिन पालथं घातलं, टेप लावली, आणि त्याच्या तोंडावर असा उजेड पडला, जसा कित्येक वर्षांची शंका खरी ठरल्यावरच पडतो.

"पावणेबारा!"

"काय पावणेबारा?"

"कागदावर साडेबारा, लाकडात पावणेबारा. पाऊण इंच खाल्लं! कापडवाले खातात ते ठाऊक होतं. आता लाकूडवालेही खायला लागले!"

इथे शिंप्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तो कामाला सोन्यासारखा होता. त्याने शिवलेला कोट माणसाच्या अंगावर असा बसायचा की माणूस आपलं पोट विसरायचा. पण त्याची ठाम समजूत होती की सगळं जग त्याला कमी देतं. कापड मागवलं की ते कमी भरायचं, अस्तर कमी, लेस कमी. शेजारच्या सुताराकडून सहा फुटी टेबल करून घेतलं, तेही साडेचार इंचांनी कमी भरलं. त्या दिवसापासून सुताराशी बोलणं बंद. आणि आठ वर्षांपूर्वी बायकोच्या धाकट्या भावाकडून, म्हणजे बारकीच्या मामाकडून, शाळेच्या पडद्यांसाठी दहा मीटर कापड घेतलं. मामाचं कापडाचं दुकान बाजारात होतं, अजूनही आहे. ते कापड एक मीटर आणि वर चार बोटं कमी भरलं. शिंप्याने भरबाजारात मेव्हण्याला चोर म्हटलं. मामानेही भरबाजारात उत्तर दिलं. तेव्हापासून दोन घरांचं येणंजाणं तुटलं. बारकीची आई भावाला भेटायची ती भाजी आणायच्या निमित्ताने, आणि घरी सांगायची की आज भाजीला फार गर्दी होती.

शिंप्याने दुकानदाराला फोन लावला.

"पाऊण इंच कमी आहे तुमचं व्हायोलिन."

"काय कमी आहे?"

"पाठ. मोजलीय मी."

"काका, ते काय कापड आहे का धुतल्यावर आटायला?"

"कापडवालेही मला हेच म्हणतात."

दुकानदार सज्जन होता, किंवा दमलेला होता. फोनवर दोघांत फरक करता येत नाही. तो म्हणाला, "परत पाठवा, दुसरं देतो."

त्यानंतर पाचव्या दिवशी दुसरं आलं. शिंप्याने पेटी उघडायच्या आधी टेप हातात घेतली. पावणेबारा. म्हणजे एक कारागीर चोर नव्हता, अख्खा कारखाना चोर होता.

तोवर आठवडा उलटून गेला होता आणि बारकीचा सराव त्या इवल्याशा वाद्यावर सुरू होता. शिंप्याने आपल्या परीने मदत केली. शिंप्याला वाटतं की जगातली कुठलीही वस्तू उसवून, आवळून किंवा अस्तर लावून ठीक करता येते. त्याने तिच्या खांद्यासाठी कापसाची गादी शिवली, म्हणजे व्हायोलिन जरा पुढे सरकेल. ते वर सरकलं आणि तिची मान वाकडी झाली. मग त्याने दुसरी गादी हनुवटीखाली शिवली. आता बारकीला समोरचा कागद दिसेना. मग कागद ठेवायला उंच स्टँड केला. आईने बघितलं तर पोरगी मान वर करून, कोपर दुमडून, छताकडे बघत वाजवत होती.

"अहो, ही वाजवतेय की गळतंय कुठे ते बघतेय?"

"सवय होईल."

"मला नाही होणार," बारकी म्हणाली. तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि दोन्ही कड्या बसवल्या. "बाई म्हणाल्या, कोपर असंच राहिलं तर परीक्षेला बसवणार नाहीत. हात बिघडतो म्हणाल्या."

"बाईंना सांग, कारखान्याने..."

"बाबा, परवा शनिवार आहे."

ती रडली नाही. रडली असती तर शिंप्याला बरं वाटलं असतं, रडणाऱ्या पोराला कसं गप्प करायचं ते येत होतं त्याला. ती आत गेली, दप्तर उघडलं, कंपासपेटीतली पट्टी काढली आणि पुन्हा बाहेर आली. गुरुवारची दुपार होती, दुकानात फक्त कारकून होता. त्याची बाही एव्हाना लागली होती, पण उलटी, म्हणून तो पुन्हा आला होता.

बारकीने टेबलावर पट्टी ठेवली. "तुमची टेप द्या."

"कशाला?"

"द्या ना."

तिने पट्टीच्या कडेला टेप सरळ लावली. पट्टी बारा इंचांची. टेपेवर आकडा आला सव्वाअकरा.

तिघे वाकून बघत होते. मग शिंपी म्हणाला, "पट्टी चुकीची आहे."

"शाळेची आहे, बाबा."

"प्लॅस्टिक आहे. उन्हात वाढतं."

"मग ही?" कारकुनाने कोटाच्या खिशातून स्वतःची लोखंडी पट्टी काढली. पोस्टात रेघा मारायला लागते म्हणे. तीही बारा इंचांची होती आणि तीही सव्वाअकरा भरली.

"सरकारी माल," शिंपी म्हणाला. "त्याची काय खात्री?"

मग त्याने खण उघडून धाग्याच्या कंपनीने भेट दिलेली नवी टेप काढली, वेष्टणासकट. ती लावली. दोन्ही टेपा साठ इंची, पण नवी संपली तिथून जुनी अजून चार इंच पुढे गेली. "फुकटात देतात ते असंच," तो म्हणाला, पण आता आवाजात जोर नव्हता. शेवटी तो उठला आणि ज्याच्याशी बारा वर्षं बोलला नव्हता त्या सुताराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तुझी स्टीलची टेप दे जरा."

सुताराने रंधा खाली ठेवला. टेप दिली. काय चाललंय ते त्याने एका नजरेत ओळखलं, कारण या दिवसाची तो बारा वर्षं वाट बघत होता. तो शिंप्याच्या मागोमाग दुकानात आला, सहा फुटी टेबलापाशी उभा राहिला, आणि नम्रपणे म्हणाला, "मास्तर, आधी हे मोजू या का?"

टेबल बरोबर सहा फूट भरलं. केसभरही कमी नाही.

ज्याला शिलाईतलं कळत नाही त्याला इथे प्रश्न पडेल, की टेप एवढी चुकीची होती तर इतकी वर्षं कपडे कसे बसले? बसले, कारण माणूस मोजायचा त्याच टेपेने आणि कापड कापायचं तेही त्याच टेपेने. छाती छत्तीस म्हटली काय आणि चौतीस म्हटली काय, कात्री तिथेच पडायची जिथे ती पडायला हवी. दुकानाच्या आत ती टेप कधीच चुकली नाही. चुकली ती फक्त दाराबाहेर, बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूला लावली तेव्हा. आणि या खेपेला पहिल्यांदाच तिचा आकडा फोनवरून दुसऱ्याच्या दुकानात गेला.

आणि ती लांबली कशी? त्याचं उत्तर बारकीच्या आईने दिलं, दारात उभी राहून, कमरेवर हात ठेवून.

"राग आला की ही दोन्ही टोकं धरून ताणता तुम्ही. चोर म्हणताना ताणता, मेले म्हणताना ताणता. बावीस वर्षं ताणताय!"

खरं होतं ते. टेप ताणली गेली म्हणून कापड कमी भरलं. कापड कमी भरलं म्हणून राग आला. राग आला म्हणून टेप पुन्हा ताणली गेली. अशी बावीस वर्षं त्या माणसाने स्वतःच्या हाताने जग चार इंचांनी बेइमान केलं.

शिंपी स्टुलावर बसला. कारकून त्या स्टुलावर आधीच बसलेला होता, तो चटकन उठला.

"म्हणजे..." शिंपी म्हणाला, "म्हणजे तुझा भाऊ..."

"हो," बायको म्हणाली. "माझा भाऊ."

तिने तेवढंच म्हटलं. आठ वर्षांची भाजीतली गर्दी त्या दोन शब्दांत होती आणि शिंप्याला वर बघायची हिंमत झाली नाही.

सुतार टेप गुंडाळत म्हणाला, "ती जुनी टाकून द्या आता."

"टाकू कशी? गावाची मापं आहेत वहीत, सगळी हिच्यातली. नव्या टेपेने कापलं तर एकाचाही कोट बसणार नाही."

"आधी माझी बाही," कारकून म्हणाला. "नंतर कुठलीही टेप घ्या."

पण खरा प्रश्न बारकीचा होता आणि तो दारात तसाच उभा होता. परवा परीक्षा. पार्सलला दोन दिवस पुरत नाहीत. गाडी होती एकाकडेच. दर शुक्रवारी पहाटे कापड आणायला शहरात जाणारी, बाजारातल्या त्याच दुकानाची.

"मी बोलते दादाशी," आई म्हणाली. भाऊ धाकटा होता, पण ती त्याला लाडाने दादाच म्हणायची.

"नको," शिंपी म्हणाला. "चोर मी म्हटलं होतं."

मामाच्या दुकानात शिंपी शिरला तेव्हा मामा गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होता. त्याने शिंप्याला बघितलं आणि हातातलं कापड पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

"माझी टेप चुकीची होती," शिंपी म्हणाला. आडपडदा त्याला कधी जमलाच नव्हता. "तू कमी दिलं नव्हतंस. मी भरबाजारात बोललो होतो, म्हणून भरबाजारात सांगतो. चूक माझी."

मामाचा चेहरा विचित्र झाला. तो आनंदला असावा, पण आनंदलेल्या माणसाचे कान असे लाल होत नाहीत.

"जाऊ द्या हो, भाऊजी," तो घाईघाईने म्हणाला. "झालं गेलं. बसा. चहा सांगू? काय काम होतं?"

"पोरीला उद्या शहरात न्यायचंय. व्हायोलिन बदलायला."

"एवढंच? चला की!" मामा इतक्या तत्परतेने म्हणाला की गिऱ्हाईक दचकलं.

शुक्रवारी गाडीत बारकी मधे बसली, मांडीवर पेटी घेऊन. शिंप्याच्या गळ्यात दोन टेपा होत्या, एक गावासाठी, एक जगासाठी. तीन तासांत मामा हवेवर बोलला, रस्त्यावर बोलला, टायरवर बोलला. कापडावर एक शब्द बोलला नाही.

वाद्यांच्या दुकानात शिंप्याने गळ्यातली नवी टेप काढली आणि तोंड उघडलं. "बावीस," तो म्हणणार होता. पण दुकानदाराने टेपेकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने कपाटातून एक पाऊण व्हायोलिन उतरवलं, बारकीच्या हनुवटीखाली दिलं आणि म्हणाला, "हात लांब कर. त्या टोकाला गोल वळलेलं आहे ना, त्यावर बोटं वळव. कोपर ताठ नको."

बारकीची बोटं टोकावर अलगद वळली. कोपर जरासं वाकलं, जसं कुणाशी हात मिळवताना वाकतं.

"कसं वाटतंय?" दुकानदाराने विचारलं.

"छान," बारकी म्हणाली. "हे माझं आहे."

शिंपी बघत राहिला. तीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलं होतं की कोट बरोबर बसलाय. "कसं वाटतंय?" असं एकदाही विचारलं नव्हतं.

"एवढंच?" तो म्हणाला. "टेप नाही? आकडा नाही?"

"पोरगी समोर असली की टेप कशाला लागते, काका? ते फोनवाल्यांसाठी."

परतताना बारकीने गाडीत वाजवलं. खड्ड्यांमुळे सूर उड्या मारत होते, पण सगळी बोटं आपापल्या जागी पडत होती. घरी आल्यावर संध्याकाळभर वाजवलं. आईने जेवायला तीनदा हाक मारली.

शनिवारी सकाळी शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात एका बाकावर शिंपी आणि मामा शेजारी शेजारी बसले होते. समोर बंद दार. दारावर पाटी होती, 'परीक्षा चालू आहे. शांतता राखा.' मामाला यायचं काही कारण नव्हतं, तरी तो आला होता आणि सारखा रुमालाने मान पुसत होता.

आतून सूर लावल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज, "हं, कर सुरू."

बारकीने सुरुवात केली.

"भाऊजी," मामा कुजबुजला.

"श्श."

"भाऊजी, मला झोप नाही दोन दिवस. ते पडद्यांचं कापड..."

"सांगितलं ना, चूक माझी होती."

"तेच तर!" मामा आणखी जवळ सरकला. "ते खरंच कमी होतं."

शिंप्याने मान वळवली. अगदी हळू.

"ठाणाचं टोक होतं ते. दहाला अर्धा मीटर कमी पडत होतं. म्हटलं, घरचं माणूस, घरच्या माणसाचं कापड कोण मोजतं? दिलं तसंच बांधून."

शिंप्याचं तोंड उघडलं. समोर पाटी होती. आत पोरगी वाजवत होती. तोंड मिटलं.

"चोर," तो ओठांनी म्हणाला. आवाज न काढता.

"अर्धा मीटर!" मामा कळवळून कुजबुजला. "खाल्लं मी, कबूल. पण तुम्ही बाजारात उभं राहून ओरडलात, एक मीटर आणि वर चार बोटं! दुपटीहून जास्त! खोटा आळ घेतल्यावर माणसाला राग येणार नाही?"

"आठ वर्षं," शिंपी पुटपुटला, "आठ वर्षं तू..."

"अर्ध्याचं म्हणाला असतात तर त्याच दिवशी पाया पडलो असतो, भाऊजी, शपथ! पण उरलेल्या अर्ध्याहून जास्तीचं मी कुठून आणू?"

शिंप्याचे दोन्ही हात आपोआप गळ्यापाशी गेले. टेपेची टोकं मुठीत आली, जुनी की नवी ते त्यालाही कळलं नाही. ताणणार, एवढ्यात मामाने त्याची मनगटं धरली. "अहो, नका! पुन्हा वाढेल!" दोघंही त्या बाकावर, एका आवाजाशिवाय, दोन पैलवानांसारखे अडकून बसले. शिंप्याच्या मनात हिशेब फिरत होता. खरी कमी अर्धा मीटर. टेपेने वाढवलेली साठ सेंटिमीटर. म्हणजे तो बरोबर होता. आणि चूकही होता. आणि माफी मागितली ती निम्म्याहून जास्त लागू होती, पण सगळी नाही. असल्या भानगडीत माणसाने रागवायचं किती, हे मोजायची टेप कुणाकडे नसते.

दार उघडलं.

बारकी बाहेर आली. एका हातात व्हायोलिन, एका हातात ते वाजवायचा गज, आणि चेहरा असा की व्हरांड्याचा तो कोपरा उजळून गेला.

"घेतलं मला! सोमवारपासून या म्हणाल्या. दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळची खुर्ची!"

मामाने मनगटं सोडली. शिंपी उठून उभा राहिला.

"बाबा, ऐकलंत का? शेवटचं, ते भरभर येतं ते? घरी एकदाही जमलं नव्हतं. आत्ता पहिल्यांदा जमलं!"

शिंप्याने तोंड उघडलं. मामा मागून कुजबुजला, "हो म्हणा, भाऊजी. हो म्हणा."

हो म्हणणं किती सोपं होतं. पोरगी खूश झाली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं.

"नाही गं," शिंपी म्हणाला. "मी इथे अर्ध्या मीटरवर भांडत बसलो होतो. एक सूर ऐकला नाही."

बारकी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण थोडं थांबलं.

"पुन्हा वाजवशील?" तो म्हणाला. "मी ऐकतो. आत्ता."

"इथे?"

"इथेच."

तो बाकावर बसला. हात मांडीवर ठेवले. बारकीने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, हात लांब केला, आणि बोटं तारेवर पडली. व्हरांडा इतका लांब आणि रिकामा होता की पहिलाच सूर पार टोकाला जाऊन आला. ती भरभरीच्या जागी पोचते न पोचते तोच कोपऱ्यावरून शाळेचा शिपाई धावत आला, पाटीकडे बोट करत.

"ओ! वाचता येतं का? इथे आवाज करायला मनाई आहे!"

"मग करू नका," शिंपी मुलीवरची नजर न काढता म्हणाला. "मी ऐकतोय."